नववीला भागाकार येत नाही, मग बीजगणित कसं शिकवू?

प्रश्न: जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात दोन वर्षांपासून नववी-दहावीला गणित शिकवते. नववीत ४६ मुलं आहेत. निम्म्यांना तीन अंकी संख्येचा भागाकार जमत नाही, अपूर्णांक आणि ऋण संख्या आल्या की सगळा गोंधळ. मुख्याध्यापक म्हणतात पोर्शन वेळेत संपवा. पालक विचारतात शिकवणी लावू का. सोबतचे शिक्षक सांगतात, ठरावीक गणितं पाठ करून घ्या, दहावीला ३५ पडले म्हणजे झालं. मागचं आधी पक्कं करून घेऊ की पुढचं शिकवू?

उत्तर:

मॅडम, तुमचा वर्ग माझ्या ओळखीचा आहे. परभणी आणि बीड जिल्ह्यांतल्या शाळांत मिळून २८ वर्षं मी आठवी ते दहावीला गणित शिकवलं. दर जूनला असाच वर्ग समोर असायचा. तुमच्या प्रश्नातल्या एका शब्दावर मात्र मी अडलो: ‘गोंधळ’. लेकरांच्या डोक्यात गोंधळ फार कमी वेळा असतो. तिथं एक नियम पक्का बसलेला असतो, तो भलत्या जागी लावला जातो, आणि पुष्कळदा तो आपणच दिलेला असतो. तो नियम कोणता हे हाती लागत नाही तोवर शंभर गणितं सोडवून घेतली तरी चूक जिथल्या तिथं राहते.

एक प्रसंग सांगतो. आठवीतला एक मुलगा −३ − ५ चं उत्तर ८ लिहायचा. मी लाल पेनानं खोडून −८ करायचो, तो मान हलवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा ८. असं महिनाभर चाललं. मग एकदा त्याच्या बाकावर शेजारी बसलो, पेन त्याच्या हातात दिलं आणि म्हणालो, “तू मला शिकव. कसं काढलंस?”

तो बोटानं दाखवत गेला. “हे वजा. हे बी वजा. वजा वजा अधिक. तीन न् पाच आठ.” आणि वर मान करून म्हणाला, “तुम्हीच सांगितलं व्हतं ना सर?”

सांगितलं होतं. फळ्यावर मी ‘वजा गुणिले वजा बरोबर अधिक’ असं लिहिलं होतं, पण शिकवताना तोंडातून घाईत ‘वजा वजा अधिक’ इतकंच निघायचं. मधला ‘गुणिले’ गळाला होता. पोरानं माझं वाक्य जसंच्या तसं पाळलं होतं. त्या दिवसापासून मी ते तीन शब्द वर्गात कधी उच्चारले नाहीत. तुम्हीही उच्चारू नका, फार फरक पडतो.

त्याच्यासोबत मग काय केलं ते सांगतो, कारण नुसतं ‘नियम चुकला’ म्हणून भागत नाही, त्या जागी दुसरं काहीतरी ठेवावं लागतं. शाळेसमोर एक किराणा दुकान होतं. विचारलं, “दुकानात तुझी ३ रुपये उधारी आहे. आज आणखी ५ रुपयांचा बिस्कीटपुडा उधार आणलास. आता?” “आठ द्यायचे.” “देणं की येणं?” “देणं.” मग मी −३ − ५ लिहिलं आणि उत्तर त्यानंच −८ लिहिलं. पुढचं पाऊल: दुकानदारानं वहीतली तुझी ५ रुपयांची उधारी खोडून टाकली, तर तुला काय झालं? “पाच मिळाल्यासारखंच की.” झालं, − (−५) म्हणजे + ५. ही उधारी खोडण्याची गोष्ट मुलांना लगेच कळते, आणि वजाबाकीची खूण वेगळी, ऋण संख्येची खूण वेगळी हेही त्यातून आपोआप सुटं होतं.

गुणाकाराला मात्र उधारी ताणू नका, ती तिथं पुरत नाही. तिथं शिडी लिहून घ्या. ३ × (−५) = −१५, २ × (−५) = −१०, १ × (−५) = −५, ० × (−५) = ०. प्रत्येक पायरीला उत्तर ५ ने वाढतंय. आता खालची पायरी, (−१) × (−५), काय असेल? वर्गातून पाच-सहा आवाज येतात, “पाच!” नियम त्यांनी स्वतः काढलेला असतो, मग तो बेरजेत घुसत नाही.

इथं एक काळजी सांगतो. सुरुवातीला मी ऋण संख्येसाठी ऊसतोडीच्या उचलीचं, म्हणजे हंगामाआधी आगाऊ घेतलेल्या पैशांचं, उदाहरण घ्यायचो. मुकादमाकडून घेतलेली उचल, हंगामात फिटलेली रक्कम, उरलेली बाकी. गणित म्हणून ते चोख बसतं. पण एकदा उदाहरण चालू असताना मागच्या बाकावरच्या मुलानं डोकं खाली घातलं ते तास संपेपर्यंत वर केलं नाही. त्याच्या घरी त्याच आठवड्यात उचलीवरून तंटा झाला होता, हे मला नंतर कळलं. घरातलं उदाहरण घ्या, पण कुणाच्या घरची जखम उघडी पडणार नाही इतकं बघून घ्या. बिस्कीटपुड्याची उधारी सगळ्यांचीच असते, त्यात कुणी एकटं पडत नाही.

ऋण म्हणजे कर्ज, हे आपल्या भाषेत शब्दातच आहे. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम लिहून ठेवले, तेही धन म्हणजे असलेलं आणि ऋण म्हणजे देणं याच शब्दांत. मुलांना हे जरूर सांगा. ‘निगेटिव्ह नंबर’ म्हटल्यावर जे कोडं वाटतं ते ‘देणं’ म्हटल्यावर वाटत नाही. तुमचा वर्ग सेमी इंग्रजीचा असेल तर हे आणखी महत्त्वाचं. संज्ञा इंग्रजीत असू द्या, परीक्षेला त्या लागतील, पण समजावणं मराठीतच करा. आमच्या भागात सेमीची पोरं प्रश्न खडाखडा वाचून दाखवतात आणि ‘काय विचारलंय?’ म्हटलं की गप्प बसतात.

आता बीजगणित. सर्वांत जास्त नुकसान करणारं वाक्य कोणतं असं मला विचारलं तर मी म्हणेन, ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’. क्ष + ४ = ९ ला ते चालतं. मग २क्ष = ६ येतं आणि मूल लिहितं, क्ष = ६ − २ = ४. बघा, पुन्हा नियम पाळलाय! २ पलीकडे गेला, चिन्ह बदललं. त्या २ च्या आणि क्षच्या मध्ये न दिसणारा गुणाकार आहे हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही.

मी वर्गात काठीचा तराजू करायचो. मध्ये सुतळी, दोन्ही टोकांना दोन सारख्या पिशव्या. एका पारड्यात खडूच्या दोन बंद पेट्या, दुसऱ्यात ६ खडू. (पेट्यांत आधीच प्रत्येकी ३ खडू घालून ठेवलेले. पुठ्ठ्याच्या वजनानं तराजू झुकतो, म्हणून दुसऱ्या पारड्यातही दोन रिकाम्या पेट्या टाकायच्या आणि मुलांना त्याचं कारण विचारायचं.) “एका पेटीत किती?” “तीन.” “कसं काढलं? दोन वजा केले?” “न्हाई, निम्मे केले.” हे ‘निम्मे केले’ त्यांच्या तोंडून आलं की फळ्यावर दोन्ही बाजूंना २ ने भागलेलं लिहायचं. पहिले दोन महिने मी पलीकडे नेणं हा शब्दच बंद ठेवायचो. दोन्ही पारड्यांत तेच करायचं, एवढंच. दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात, लागू द्यात.

आणि ताळा. आपल्या जुन्या गुरुजींची ही सवय कुठं गेली कोण जाणे. उत्तर ४ आलं ना, मग ठेव ते क्षच्या जागी: २ × ४ = ८, हवे होते ६. चुकलंय हे सांगायला शिक्षक लागत नाही. समीकरणाचं उत्तर ताळ्याशिवाय मी तपासायचोच नाही, वही परत द्यायचो. ज्या मुलाला स्वतःची चूक स्वतः सापडते त्याची गणिताची भीती महिन्या-दोन महिन्यांत उतरते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

चलाबद्दल आणखी एक. ‘अ म्हणजे आंबे, ब म्हणजे केळी, म्हणून ३अ + २ब म्हणजे ३ आंबे आणि २ केळी’ असं शिकवणारे पुष्कळ आहेत, मीही शिकवलं. सोपं वाटतं, पण नववीत शाब्दिक गणितं आली की ते अंगावर येतं. अ ही वस्तू नसते, संख्या असते: एका आंब्याची किंमत, आंब्यांची संख्या, जे ठरवलं असेल ते. ‘वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे’ याचं समीकरण मुलं ३व = म असं का लिहितात? कारण व म्हणजे वडील, म म्हणजे मुलगा, आणि ‘तिप्पट’ मोठ्याला चिकटतं. म = १२ धरून ताळा करायला लावा. ३व = १२ म्हणजे वडील ४ वर्षांचे. वर्ग हसतो आणि समीकरण स्वतः दुरुस्त करतो.

अपूर्णांकांकडे येऊ. ३/४ + १/२ = ४/६. हे उत्तर तुमच्या वर्गात आहेच, तपासायची गरज नाही. पण ते कुठून येतं याचा विचार करायला मला फार वर्षं लागली. चाचणीच्या पेपरवर आपण काय लिहितो? पहिल्या प्रश्नाला ४ पैकी ३, म्हणून ३/४. दुसऱ्याला २ पैकी १, म्हणून १/२. आणि वर एकूण? ४/६. वर्षानुवर्षं प्रत्येक उत्तरपत्रिकेवर आपण मुलांना हीच बेरीज करून दाखवतो. तिथं ती बरोबरही आहे, कारण तिथं पूर्ण वस्तू बदलत जाते. भाकरीच्या बाबतीत पूर्ण म्हणजे एकच भाकरी, ती बदलत नाही. हा फरक मुलांसमोर उघड बोला. सहावी-सातवीत राहून गेलेला अर्धा गोंधळ तिथंच सुटतो.

त्यानंतर आपल्या भाषेचा आधार घ्या. पाऊण भाकरी खाल्ली, वर अर्धी खाल्ली, किती झाली? मूल विचार न करता म्हणतं, सव्वा. ४/६ तर पाऊणपेक्षाही कमी आहे, जेवून भाकरी वाढली की घटली? पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, औट (साडेतीन), यांतल्या प्रत्येकाला आपल्याकडे स्वतंत्र शब्द आहे. जुन्या पिढीनं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ केले होते. माझ्या एका वर्गात मी गृहपाठ दिला होता: घरातल्या आजोबा-आजींना पाऊणकी येते का विचारा, येत असेल तर लिहून आणा. तीन मुलांनी आणली. एका मुलीच्या आजोबांनी तर दिडकी धडाधड म्हटली म्हणे, आणि ते शाळेत चौथीपर्यंतच गेलेले. ते पाढे आता सगळ्यांकडून पाठ करून घ्या असं मी म्हणणार नाही. पण पाच पाऊण म्हणजे पावणेचार, हे ५ × ३/४ = १५/४ च्या शेजारी लिहून बघा. दोन्ही एकच आहेत हे दिसल्यावर पोरांच्या चेहऱ्यावर जे येतं, त्यासाठी मी २८ वर्षं शिकवलं.

दशांशासाठी सातबारा आणा. १ हेक्टर म्हणजे १०० आर. सातबाऱ्यावर १.०५ असेल तर ती १ हेक्टर ५ आर, १.५० असेल तर १ हेक्टर ५० आर. मुलं १.५ आणि १.०५ एकच समजतात, किंवा ०५ ला ‘शून्य पाच म्हणजे पाचच’ म्हणतात. फळ्यावर फरक काढा: ४५ आर. आपल्या मापात ४४ गुंठ्यांहून थोडं जास्त, म्हणजे ४० गुंठ्यांच्या एका एकरालाही ओलांडून. दोन भावांच्या वाटणीत एका शून्यापायी एकरभर रान गेलं असं म्हटलं की शेतकऱ्याचं लेकरू ते शून्य पुन्हा विसरत नाही. मोंढ्यातली सोयाबीनची पट्टीही अशीच वापरता येते. ७ क्विंटल ४ किलो म्हणजे ७.०४ आणि ७ क्विंटल ४० किलो म्हणजे ७.४०.

गुंठ्याचा विषय निघालाच आहे तर (अ + ब)² याचंही उत्तर त्यातच आहे. अ² + ब² लिहिणारी मुलं तुम्हाला दहावीपर्यंत भेटतील. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. मैदानात फक्कीनं तो चौरस आखा, एकदा तरी पूर्ण मापाचा आखाच, वहीतल्या चित्रानं ते काम होत नाही. मग ३३ चे ३० आणि ३ असे भाग पाडून आत दोन रेघा ओढा. एका मोठ्या चौरसात मुलांना उभं करा, ९०० चौरस फूट. कोपऱ्यातल्या छोट्यात एकाला, ९ चौरस फूट. झाले ९०९. मग या दोन लांब पट्ट्यांत कोण? ३० × ३ म्हणजे ९०, अशा दोन, १८०. सगळे मिळून १०८९, आणि गुंठा १०८९ चौरस फुटांचा हे त्यांच्या बापालाही माहीत असतं. २अब म्हणजे त्या दोन पट्ट्या. नंतर कुणी अ² + ब² लिहिलं की मी एवढंच विचारायचो, “पट्ट्या कुणाला दिल्या?”

व्याजाच्या धड्यात मुलं द.सा.द.शे. हे मंत्रासारखं म्हणतात. दर साल दर शेकडा, एवढं फोडून सांगितलं तरी काम होतं. गावात खासगी व्याज ‘शेकडा ३’ म्हणतात ते महिन्याचं असतं, म्हणजे द.सा.द.शे. ३६. हे गणित ज्या दिवशी कराल त्या दिवशी मुलं ते घरी जाऊन सांगतील. दहावीच्या अर्थनियोजनात जीएसटी आहे, तिथं खताच्या दुकानाची पावती पुरते. ५ टक्क्यांतले अडीच केंद्राचे, अडीच राज्याचे.

त्रिकोणमितीबद्दल खूप लिहिण्यासारखं आहे, पण एकच प्रयोग सांगतो. चौरस कागदाची कर्णावर घडी घाला, ४५ अंशांचा कोन तयार. उभ्या कडेला दोऱ्यानं खडा बांधा, म्हणजे कड ओळंब्यात राहते. तिरक्या कडेवरून बघत बघत गावच्या पाण्याच्या टाकीपासून मागं सरका, टाकीचं टोक त्या रेषेत आलं की थांबा. टॅन ४५° = १, म्हणून टाकी जितकी लांब तितकीच उंच, अधिक तुमच्या डोळ्याची उंची. आमच्या पोरांनी असं ११.२ मीटर अधिक १.४ मीटर, म्हणजे १२.६ मीटर काढलं. मग पाणी सोडणाऱ्या काकांनी वरून दोर सोडला, तो भरला १२.९. वर्गात अर्धा तास वाद झाला: ३० सेंटिमीटर कुठं गेले? कुणी म्हणालं जमीन उताराची आहे, कुणी म्हणालं घडी नीट नव्हती. ‘उन्नतकोन’ ही व्याख्या मी त्या वर्षी पाठ करून घेतलीच नाही, गरज पडली नाही. अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांसाठी उपक्रम हवाच असतो, तो वहीतून वहीत उतरवण्यापेक्षा असा घ्या.

आता तुमचा खरा पेच: मागचं की पुढचं? एक वर्ष मी ठरवलं की पाचवीपासून सगळं पक्कं करायचं आणि मगच नववी सुरू करायची. दिवाळी आली तेव्हा मी सहावीच्या अपूर्णांकांत होतो. हुशार मुलं कंटाळली, कच्ची मुलं ‘आपण ढ आहोत’ हे आणखी पक्कं समजली, आणि नववीचं पुस्तक शेवटी घाईत उरकलं. ती चूक मी परत केली नाही. मागचं पुढच्याच्या पोटात शिकवायचं असतं. प्रत्येक प्रकरणाला मागच्या सगळ्या इयत्ता लागत नाहीत, दोन-तीनच गोष्टी लागतात. अंकगणिती श्रेढीला ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी आणि सूत्रात किंमत ठेवणं. वर्गसमीकरणांना पाढे आणि अवयव. समरूपतेला गुणोत्तर. सांख्यिकीला भागाकार आणि दशांश. प्रकरण सुरू करायच्या आदल्या आठवड्यात रोज तासाची पहिली दहा मिनिटं तेवढंच घ्या. वर्षाच्या शेवटी बघाल तर पाचवी ते आठवीचं बहुतेक सगळं होऊन गेलेलं असतं, तेही कामाला लागेल अशा वेळी.

भागाकाराबद्दल वेगळं सांगतो, कारण तुम्ही त्याचं नाव घेतलंय. ६२४ भागिले ६ याचं उत्तर १४ लिहिणारं मूल शून्य विसरतं असं आपण म्हणतो. त्याला आधी अंदाज विचारा: ६ जणांत ६०० रुपये वाटले तर प्रत्येकाला किती? १००. मग १४ कसं येईल? भागाकार मांडायच्या आधी अंदाज लिहायचा, ही एकच सवय दोन महिने लावा. आणि पाढे हवेत, यावर माझी तडजोड नाही. फक्त १२ सत्ते विसरलं तर १० सत्ते ७० आणि २ सत्ते १४ असं जोडून काढता यायला हवं.

दसऱ्यानंतर तुमच्या वर्गातली काही बाकं रिकामी होत असतील. ऊसतोडीच्या टोळीसोबत गेलेली मुलं साखर कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांना आपण ‘गैरहजर’ म्हणतो आणि विसरतो. मी दोन गोष्टी करायचो. पुढच्या गणिताचा पाया असलेली प्रकरणं, विशेषतः समीकरणं आणि गुणोत्तर, दसऱ्याच्या आत घ्यायचो, पुस्तकातला क्रम मोडून. दुसरं, जाणाऱ्या प्रत्येक मुलाला चाळीस पानी वही द्यायचो. पानावर वर एक सोडवलेलं गणित, खाली तसंच एक रिकामं. कोपीत, म्हणजे तोडणीवरच्या झोपडीत, रात्री उजेड किती असतो मला माहीत आहे, म्हणून दिवसाला एकच. एक मुलगी परत आली तेव्हा वहीची २३ पानं भरलेली होती, काही पानांवर पाचटाचे डाग. तिला दहावीला गणितात बरे गुण पडले, पण मला ती आठवते ती त्या वहीसाठी.

३५ गुणांचं काय? गणित भाग १ आणि भाग २ चे ४०-४० आणि अंतर्गत २०, हे गणित पोरांनाही पाठ असतं. सोबतच्या शिक्षकांवर रागावू नका, फेब्रुवारीत मीही तेच करायचो. संभाव्यता, भौमितिक रचना, अर्थनियोजन, ही प्रकरणं मागच्यावर फारशी अवलंबून नाहीत, कच्च्या मुलालाही तिथं हक्काचे गुण मिळतात. दहावीच्या जानेवारी-फेब्रुवारीत ती घोटून घेण्यात काही गैर नाही. पण नववीच्या जूनमध्ये ते सुरू करणं म्हणजे लेकराला दोन वर्षं आधीच सांगून टाकणं की तुझ्याकडून एवढीच अपेक्षा आहे. ते मला मान्य नाही. मुख्याध्यापकांना तुमची प्रकरणवार यादी दाखवा, तारखांसकट. पोर्शन संपणार आहे हे दिसलं की ते आड येत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

शिकवणीचं पालकांना असं सांगा: लातूर पॅटर्नचं नाव ऐकून खेड्यातला बापही पोटाला चिमटा घेऊन फी भरतो, पण ज्या मुलाचा −३ − ५ चुकतो त्याला शिकवणीत तीच चूक जास्त वेगानं करायला मिळते. त्याऐवजी आठवड्यातून एकदा वही उघडून “हे मला समजावून सांग” म्हणा. आईला शाळा माहीत नसली तरी चालेल. पोरगं समजावताना जिथं अडखळतं ती जागा त्याला स्वतःला कळते.

सोमवारी वर्गात गेलात की एक कोरा कागद द्या आणि आठच गणितं घाला: −३ − ५; ३/४ + १/२; १.५ आणि १.०५ यांत मोठी कोणती; ६२४ भागिले ६; २क्ष = ६; २क्ष + ३ चं सोपं रूप देता येईल का; ९ + १६ याचं वर्गमूळ; आणि ‘वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट’ याचं समीकरण. वेळेची मर्यादा घालू नका. घरी नेऊन त्यावर गुण लिहू नका, बरोबर-चूकही करू नका. एकेका प्रश्नाची एकसारखी चुकीची उत्तरं एकत्र लावा. ८ लिहिणारे एका गठ्ठ्यात, ४/६ वाले दुसऱ्या, ३ + ४ करून वर्गमूळ ७ काढणारे तिसऱ्या. ४६ कागदांतून दहा-बारा गठ्ठ्यांच्या वर निघणार नाहीत. प्रत्येक गठ्ठ्यातल्या एकाला मधल्या सुट्टीत जवळ बसवा, पेन त्याच्या हातात द्या आणि म्हणा, “तू मला शिकव.” तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. त्या दहा-बारा ओळी मला पाठवल्यात तर पुढच्या महिन्याचं नियोजन आपण मिळून करू.